गंगेकडे पाठ न करणारा माणूस

आमच्याकडे बनारसला पूर येत नाही, बाढ येते. माझ्या पुस्तकांच्या संपादकबाई पुण्यात असतात. त्या माझ्या प्रत्येक हस्तलिखितात ‘बाढ’ खोडून ‘पूर’ करतात आणि मी मुद्रितं तपासताना काही ठिकाणी ते राहू देते, काही ठिकाणी हट्टाने परत बाढ करून घेते. पूर हा शब्द मला पुस्तकात भेटला. बाढ घरातली. ती यायची चिन्हं दिसली की आई डाळ भिजत घालणं बंद करते, कारण कुठल्या क्षणी वीज जाईल आणि मिक्सर अडेल ते सांगता येत नाही. मेणबत्त्या वरच्या फळीवरून खालच्या फळीवर येतात. आणि मी घरात पाऊल टाकलं की आई नमस्कार-चमत्कार न करता एकच विचारते, किती पायऱ्या राहिल्या.

यंदाही ती आली आहे. संकठा घाटाच्या खालच्या पायऱ्या गेल्या मंगळवारी गेल्या, मधला चबुतरा गुरुवारी. आज भाजी घेऊन येताना पाहिलं, तर वरच्या वळणावरच्या कठड्याला, जिथे एरवी साड्या वाळत असतात, तिथे दोन नावा बांधलेल्या होत्या. एरवी घाटाघाटाने चालत गेलं की अहिल्याबाई घाट काही लांब नाही; आता मधली वाट पाण्याखाली गेल्यामुळे गलीगलीतून वळसे घालत जावं लागतं, आणि जन्म इथे जाऊनही मी एका वळणावर हमखास चुकते. खालच्या देवळांचे फक्त कळस वर आहेत. पाणी चहासारखं, दुधाच्या चहासारखं, आणि त्याला आवाज नाही. लोकांना वाटतं बाढ गर्जत येते. आमची येते ती कुणीतरी शेजारच्या खोलीत येऊन बसल्यासारखी. नदी जवळ येते पण भेटेनाशी होते. तिच्यात उतरता येत नाही, तिच्याकाठी बसता येत नाही, नुसतं वरून बघायचं.

या दिवसांत मला उलटेशास्त्री आठवतात, आणि त्यांच्यामागून ती चार वर्षांपूर्वीची बाढ. आठवते म्हणण्यापेक्षा तिचा गुंता पुन्हा हातात येतो.

मी मुलांसाठी साहसकथा लिहिते. सकाळी एका हिंदी शाळेत गणित शिकवते, दुपारी मराठीत लिहिते आणि भाजीवाल्याशी भांडते ती बनारसी बोलीत. यांतली खरी मी कुठली, हा प्रश्न मला त्या बाढेपर्यंत पडला नव्हता. माझ्या पुस्तकांत ओवी नावाची एक मुलगी आणि तिचा धाकटा भाऊ गंगेच्या तळाशी असलेल्या एका राज्यात उतरतात. तिथे मासे पहारा देतात आणि दरवाजे माणसाला उंची विचारून मगच उघडतात. पहिल्या भागात या दोघांना वाट दाखवायला मला कुणीतरी हवं होतं, एका प्रकरणापुरतं. म्हणून मी उलटेशास्त्रींना आणलं, आणि ते गेलेच नाहीत.

उलटेशास्त्री पायऱ्या उलट्या चढतात. तोंड नदीकडे, पाठ चढणीकडे, आणि एकेक पाऊल मागे चाचपत वर. गंगेकडे पाठ करू नये म्हणून. कुठल्याही कुलपाला आधी नमस्कार करून त्याची विचारपूस करतात आणि ते उघडलं नाही तर त्याच्यावर रुसतात. मुलांना चुकीच्या वाटेने नेतात आणि कुणी तसं म्हटलंच तर सांगतात, ‘पुढे काय आहे ते कुणालाच ठाऊक नाही. मागे काय होतं ते निदान मला पाठ आहे.’ सांगलीच्या एका मुलीने हे वाक्य रंगीत पेन्सिलींनी लिहून मला पाठवलं होतं. ओवीबद्दल पत्रात एक अक्षर नव्हतं.

शास्त्रीबुवा मी कुठून आणले, हे मला पक्कं ठाऊक होतं. दामूकाकांवरून.

दामूकाका माझ्या बाबांचे मित्र. आमच्याच गलीत, उताराच्या टोकाला, तळमजल्यावरच्या एका खोलीत राहायचे. काकू लवकर गेल्या, मुलगी लग्न होऊन नागपूरला. रामनगरच्या टपाल कचेरीत त्यांनी सगळी नोकरी काढली. सुरुवातीला रोज नावेने जायचे, मग पुलावरून. आणि पुलाबद्दल त्यांची कायमची तक्रार होती की यामुळे नदी पार केल्यासारखं वाटतच नाही, नुसतं पलीकडे गेल्यासारखं वाटतं. एका गोष्टीच्या चार करून सांगायची त्यांना सवय होती. खोलीचं कुलूप लावताना त्याच्याशी बोलायचे. आणि रोज सकाळी स्नान झालं की ओल्या पंच्यानिशी संकठा घाट उलटा चढून यायचे. परदेशी पाहुणे फोटो काढायचे. घाटावरचे मल्लाह, म्हणजे नावाडी, म्हणायचे, पंडितजी, एक दिन गिरेंगे. काका पडले मात्र कधी नाहीत.

माझं प्रत्येक पुस्तक ते भिंग घेऊन वाचायचे आणि दर वेळी एवढंच म्हणायचे की छान आहे, टाइप बारीक आहे. आपल्यावरून कुणी विनोदी पात्र रचलंय हे त्यांच्या लक्षात आलं असणार, पण मोठेपणाने ते बोलत नाहीत, असं मी धरून चालले होते.

बाबा अगदी वेगळे. ते संस्कृत व्याकरण शिकवायचे, काही विद्यार्थी घरीही यायचे. घरात ते असले की आवाज खाली यायचे. चौदाव्या वर्षी मी पहिली गोष्ट लिहून त्यांच्या टेबलावर ठेवली, तर दुसऱ्या दिवशी ती मला परत मिळाली. अकरा ठिकाणी लाल खुणा, आणि गोष्टीबद्दल काही नाही. मी ती वही फेकली नाही, पण त्यांना पुन्हा काही दाखवलंही नाही. ते गेले तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. मला रडू आलं नाही. लोक म्हणाले, धक्का बसलाय पोरीला. धक्का वगैरे काही नव्हता. मला नुसतं कळत नव्हतं की मी कुणाला निरोप देते आहे.

त्या वर्षी चौथा भाग लिहून होत आला होता. संपादकबाईंचा फोन आला. त्या भल्या आहेत, आणि बऱ्याचदा त्यांचं बरोबर असतं. त्यांचं म्हणणं, आतापर्यंत गोष्टीत कुणी गेलेलं नाही, त्यामुळे मुलांना धोका खरा वाटेनासा झालाय. आणि जायचंच तर ज्याच्यावर सगळ्यांचा जीव आहे तोच गेला पाहिजे. मी विरोध केला असता तर आज बरं वाटलं असतं. मी लगेच हो म्हटलं. तीन दिवसांत ते प्रकरण लिहून काढलं. राज्याचा शेवटचा दरवाजा मिटू लागतो, मुलांना निसटायला वेळ हवा असतो, म्हणून शास्त्रीबुवा तो आपल्या पाठीवर तोलून धरतात; आणि तसं करायचं म्हणजे त्यांना आयुष्यात पहिल्यांदा गंगेकडे पाठ करावी लागते. लिहिताना मी रडले. रडले म्हणून मनात खूशही झाले. हे सांगायला बरं वाटत नाही, पण झालं ते असं.

त्याच आठवड्यात पाणी गलीच्या उतारावर चढलं. दामूकाका आमच्या तिसऱ्या मजल्यावर राहायला आले ते एक पत्र्याची पेटी, लोटा आणि कुलूप घेऊन. आईने विचारलं, दार पाण्यात आणि कुलूप हातात, हे कसं. काका म्हणाले, दाराला बुडण्यावाचून इलाज नाही, याला आहे.

ते अकरा दिवस आमच्याकडे होते. आई आणि काका एका खोलीत बसून एकमेकांशी माझ्यामार्फत बोलायचे. दामूभावजींना विचार साखर किती. वहिनींना सांग आज नको. तीस वर्षांची ओळख, पण बाबांच्या मागे त्यांच्यात बोलायला मध्ये कुणीतरी लागायचं, ते काम माझ्याकडे आलं होतं. सकाळी सगळी गली आपापल्या छतावर यायची, पाणी बघायची, आणि एका छतावरून दुसऱ्या छतावर बातम्या जायच्या. कुणाच्या गॅलरीत साप निघाला, कुणाकडे नावेने दूध पोचवलं. शाळेला सुट्टी दिली होती. हवेला कुजलेल्या झेंडूचा आणि ओल्या भिंतींचा वास होता. काका बाहेरच्या खोलीत झोपायचे, आणि माझं लिहायचं टेबल तिथेच होतं.

पाचव्या दिवशी मी खाली जाऊन मेणबत्त्या आणि बटाटे घेऊन आले, तर काका खुर्चीत बसलेले, चौथ्या भागाचे कागद मांडीवर, चष्मा काढून हातात. मी टेबल आवरलं नव्हतं. मी बटाटे आत नेऊन ठेवले. दुपारी आईने पिठलं केलं होतं, त्यांना आवडतं म्हणून. ते जेवले नाहीत. पोट बरं नाही म्हणाले. मी त्या दिवसभर मनात माफी जुळवत राहिले. काका, ते तुम्ही नाही. काका, थोडं इकडचं थोडं तिकडचं घेऊन लिहावं लागतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते छतावर उभे होते. मी चहा घेऊन गेले. त्यांनी पेला घेतला, पण माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाले की काहीही झालं असतं तरी त्याने पाठ फिरवली नसती. हे तू चूक लिहिलंस. मी म्हटलं, गोष्टीची गरज होती. ते म्हणाले, गरज तेव्हाही होती. दवाखान्यात शेवटच्या दिवशी डॉक्टरांना तपासायला अडचण होत होती, तरी त्याने माझ्याकडून खाट पूर्वेकडे, गंगेच्या बाजूला, फिरवून घेतली.

मी गोंधळले. दवाखान्याचं प्रकरण मी लिहिलंच नव्हतं. मला वाटलं, काकांनी पाण्याखालच्या राज्यात स्वतःची भर घातलीय, एकाच्या चार करायच्या सवयीने. मी विचारलं, हा दवाखाना कुठल्या भागात आहे.

काकांनी आता माझ्याकडे बघितलं. ‘भाग कसला? तुझ्या बापाबद्दल बोलतोय मी.’

खालून कुणीतरी नावेतून हाका मारत चाललं होतं. मी म्हटलं, ‘काका, शास्त्री म्हणजे तुम्ही आहात.’

‘मी? मी कुठून आलो यात?’ ते खरोखरच चकित झाले होते, आणि थोडे दुखावलेही. ‘पहिल्या पुस्तकापासून मी ओळखलंय त्याला. म्हटलं, पोरीने बापाला बराबर पकडलाय. आणि आता तू त्याला परत मारतेस.’

मग ते सांगत गेले, आणि मी ऐकत गेले. त्यांच्या सांगण्याप्रमाणे पाठशाळेच्या दिवसांपासून बाबाच पायऱ्या उलट्या चढायचे. पहाटे, घाटावर फारसं कुणी नसताना. गलीच्या तोंडाशी आले की सरळ व्हायचे, कारण पुढे विद्यार्थ्यांची घरं होती. किल्ल्या हरवायची खोड बाबांना होती, म्हणून कुलपाच्या विनवण्याही त्यांच्याच. काका नोकरीच्या घाईत सरळ चढून जायचे आणि वर थांबून त्यांना हसायचे.

‘आणि ते वाक्य,’ काका म्हणाले. ‘मागे काय होतं ते पाठ आहे. ते तर तो वर्गात म्हणायचा.’

ते वाक्य मी रचलं होतं. याच घरात, त्या टेबलापाशी, पहिल्या भागाच्या सहाव्या प्रकरणात; ‘पाठ’ शब्दाचे दोन अर्थ सुचले म्हणून स्वतःवर खूश होऊन उठून चहा केला होता, तेही आठवतं. की भिंतीपलीकडून ते माझ्या कानावर कधीतरी पडलं होतं, आणि सुचलं असं वाटलं ते आठवलं होतं? सुचणं आणि आठवणं यांच्यात फरक कसा करायचा, हे मला त्या छतावर कळेना, आणि अजूनही कळलेलं नाही.

मी विचारलं, ‘मग तुम्ही रोज उलटे का चढता?’

काकांनी पेल्यातला चहा संपवला. ‘तो गेल्यावर कुणीतरी करायला हवं होतं.’

मी खाली आले. आई दुधी चिरत होती. मी तिला विचारलं, बाबा घाट उलटा चढायचे का गं. तिची सुरी थांबली नाही. काहीतरीच, म्हणाली. तुझ्या बाबांचे गुडघे किती दुखायचे ते मला ठाऊक. सरळ चढले तरी खूप. उलटे चढायचे ते दामूभावजीच, आणि ते पहिल्यापासून. लग्न होऊन ती इथे आली तेव्हा सगळ्यांबरोबर घाटावर गेली होती, आणि हा कोण माणूस उलटा चालतोय म्हणून घाबरली होती. तेव्हा तिला सांगितलं गेलं की हे यांचे मित्र. मी दवाखान्यातल्या खाटेबद्दल विचारलं. खाट फिरवली होती, ती म्हणाली, पण ती पंख्यासाठी. वारा लागत नव्हता.

खाट फिरवलेली मलाही आठवत होती. का फिरवली, ते आठवत नव्हतं.

एका बाजूला काका, जे एकाच्या चार करतात. दुसऱ्या बाजूला आई, जी बाबांबरोबर घाटावर वर्षातून दोन-तीनदा जायची आणि पहाटे तर कधीच नाही. मी मधे. मी माझी स्वतःची आठवण काढून बघितली, कारण ती पक्की आहे असं मला वाटत होतं. मी सात-आठ वर्षांची, घाटाच्या वरच्या पायरीवर बसलेली, हातात गरम जिलबीचा द्रोण. समोर ऊन नुसतं झगझगतंय, आणि खालून एक माणूस उलटा चढत माझ्याकडे येतोय. ओला पंचा, खांद्यावर जानवं, एकेक पाऊल मागे चाचपत. हे दामूकाका, असं मी आयुष्यभर म्हणत आले होते. त्या दिवशी पहिल्यांदा मी नीट बघितलं. त्या माणसाचं तोंड नदीकडे होतं. मी वर होते. गंगेला त्याने पाठ दाखवली नाही म्हणजे ती मलाच दाखवली. चेहरा मी कधी पाहिलाच नव्हता. आणि तरुणपणी दोघांच्याही पाठी तशाच असणार, सावळ्या, हडकुळ्या, मधे पन्हाळ असलेल्या.

ते प्रकरण मी ठेवू शकले नाही. कुणासाठी, ते सांगता येणार नाही. काका जेवले नाहीत म्हणून असेल. बाबा तसे असण्याची थोडी जरी शक्यता असली तरी ती मला हवी होती म्हणून असेल. बाढेच्या नवव्या दिवशी मेणबत्तीच्या उजेडात मी नवं लिहिलं: दरवाजा मिटतो, शास्त्रीबुवा पलीकडे राहतात, आणि ओवी दाराला कान लावते तर आतून त्यांचा आवाज येतो, ते कुलपाशी वाद घालताहेत. बस, एवढंच. मेले नाहीत, आलेही नाहीत. संपादकबाईंना ते पटलं नाही. त्या म्हणाल्या, हे धड इकडे नाही, धड तिकडे नाही. मी म्हटलं, हो, तसंच आहे ते. बरीच बोलणी होऊन शेवटी असं ठरलं की हे राहू दे, पण पाचव्या भागात शास्त्री नकोत.

काकांना सांगितलं तेव्हा ते फक्त बरं केलंस म्हणाले, आणि त्या दुपारी त्यांनी भाताबरोबर दोनदा पिठलं मागून घेतलं. मला न सांगता, थेट आईकडे.

पाणी उतरलं की खरी बाढ सुरू होते, असं आमच्याकडे म्हणतात. पायऱ्यांवर गुडघाभर चिकट गाळ, त्यावर ऊन, आणि आठवडाभर पंपांची घरघर. गाळ परत नदीत लोटायचा, ज्या नदीने तो आणून टाकला तिच्यातच. काकांच्या खोलीच्या भिंती छातीइतक्या उंचीपर्यंत फुगल्या होत्या. हात लावला की पोपडे यायचे. नागपूरहून त्यांची मुलगी आली आणि या वेळी तिने काही ऐकून घेतलं नाही.

जायच्या दिवशी सकाळी त्यांनी मला घाटावर सोबत बोलावलं. पायऱ्या अर्ध्याच धुऊन झाल्या होत्या. त्यांनी खाली जाऊन लोटाभर पाणी डोक्यावर घेतलं, आणि चढायची वेळ आली तेव्हा पाय टाकून बघितला, तर मागचं पाऊल गाळात घसरलं. दुसऱ्यांदा टाकून बघितलं. मग माझा खांदा धरून ते वळले आणि सरळ चढायला लागले. दर दोन-तीन पायऱ्यांनी मान मागे वळवून बघायचे. वर पोचल्यावर त्यांना दम लागला होता. म्हणाले, ‘माफ करेल ती. तिचाच गाळ आहे.’

नागपूरहून त्यांचे फोन यायचे. कशी आहेस वगैरे नाही. पाणी किती, हेच. मी सांगायची की चबुतरा बुडाला, की कठड्यापर्यंत आलं, आणि तिकडून ते जुन्या कुठल्या तरी बाढेची आठवण काढायचे, जी दर वेळी थोडी मोठी झालेली असायची. मी त्यांना पुन्हा बाबांबद्दल विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, आणि मग ते खरं की खोटं हे ठरवत बसावं लागलं असतं. गेल्या माघात त्यांच्या मुलीचा फोन आला. काका झोपेत गेले. मला रजा मिळाली नाही, जाता आलं नाही. त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात उभी राहून इतकी रडले की आई घाबरली. मलाही कळेना की एवढं रडू एका माणसाचं आहे की दोघांचं.

पाचवा भाग आता लिहून होतोय. ठरल्याप्रमाणे त्यात शास्त्री नाहीत. म्हणजे दहाव्या प्रकरणापर्यंत नव्हते. अकराव्यात ओवी एका बंद दारापाशी येते, मी दाराचं वर्णन करत होते, आणि ते उघडून शास्त्रीबुवा बाहेर आले. संपादकबाईंना अजून सांगितलेलं नाही.

आईच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचंय. पाणी उतरल्यावर करू म्हणून थांबलो आहोत. माझं एकही पुस्तक तिने वाचलेलं नाही. पोरांचं असतं ते, मला काय समजणार, असं म्हणायची. काल दुपारी वीज गेली, टीव्ही बंद पडला. खिडकीबाहेर ते चहाच्या रंगाचं पाणी, तिला नीट न दिसणारं. ती म्हणाली, काहीतरी वाच. मी विचारलं, काय वाचू. ती म्हणाली, ते तुझं, दामूभावजींना आवडायचं ते.

मी नवं प्रकरण वाचायला घेतलं. ओवी शास्त्रीबुवांना बघते आणि चिडून विचारते की इतके दिवस होतात कुठे, वाट चुकलात ना? शास्त्रीबुवा म्हणतात, ‘मी नाही वाट चुकलो, वाट मला चुकली.’

आईने हात वर केला. मी थांबले.

‘ते असं म्हणायचे नाहीत,’ ती म्हणाली.

आईच्या पिढीतल्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. बाबा होते तेव्हा ती त्यांना ‘हे’ म्हणायची. ते गेले आणि ‘हे’चं ‘ते’ झालं. दामूकाकाही नागपूरला गेल्यापासून तिच्या बोलण्यात ‘ते’ झाले होते: त्यांचा फोन आला होता का, ते काय म्हणाले. आदराचं एकच सर्वनाम तिने दोघांत वाटून दिलं होतं. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं कुणाबद्दल बोलते आहे ते. तिचा चेहरा खिडकीकडे होता आणि ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हलत होतं, जे मी फार वर्षांत पाहिलं नव्हतं.

‘मग काय म्हणायचे?’ मी विचारलं.

‘उशीर झाला, चुकलात का, म्हणून विचारलं ना, की म्हणायचे,’ आई म्हणाली, आणि सांगता सांगता तिला हसू आलं, ‘चुकतोय कुठे, जरा बघून येत होतो.’

मी पेन घेऊन माझं वाक्य खोडलं आणि त्याच्यावर बारीक अक्षरांत हे लिहिलं. लिहून होईपर्यंत ती थांबली. मग म्हणाली, ‘हं. पुढे वाच.’